‘ऑनस्लॉट’ कुठे लिहावा, कुठे मुळीच लिहू नये

फैजपूर, सावदा, न्हावी, भालोद या पट्ट्यातल्या वाचकांकडून एक शंका फिरून फिरून येते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विचारतात, “ऑनस्लॉट म्हणजे हल्लाच ना? मग अटॅक, असॉल्ट, रेड हे सगळे वेगळे कशाला?” दुसरी शंका घरातल्या शिकलेल्या मुलामुलींची असते. वादळात बाग आडवी होते किंवा बांधावरून मारामारी होते आणि अर्ज लिहायचं काम त्यांच्याकडे येतं. अर्ज वजनदार व्हावा म्हणून ते शब्दकोशातला सगळ्यात जोरदार शब्द उचलतात. तो शब्द बऱ्याचदा हाच असतो.

दोन्ही शंकांचं उत्तर एकाच जागी आहे. ऑनस्लॉट हा चित्र उभं करणारा शब्द आहे. बातमी, निबंध, इतिहास, क्रिकेटचं वर्णन इथे तो शोभतो. जिथे तुम्हाला दाद मागायची आहे, म्हणजे विमा, पंचनामा किंवा पोलीस ठाणं, तिथे तो तुमचं नुकसान करतो. आधी शब्द नीट समजून घ्या, मग अर्जाकडे वळू.

शब्दाचा गाभा

ऑनस्लॉट म्हणजे नुसता हल्ला नव्हे. त्यात तीन गोष्टी लागतात: जोर, सातत्य आणि समोरच्याला सावरायला उसंत न मिळणं. कुत्रा एकदा चावला तर तो अटॅक. टोळीच्या टोळी तुटून पडली, एक लाट ओसरायच्या आत दुसरी आली, तर ऑनस्लॉट. एका फटक्याला हा शब्द लावला की इंग्रजी जाणणाऱ्याला लगेच खटकतं.

क्रिकेटमधून हे चटकन कळेल. १९ सप्टेंबर २००७ रोजी डर्बनला युवराज सिंगने स्टुअर्ट ब्रॉडच्या एका षटकात सहा षटकार मारले आणि १२ चेंडूंत अर्धशतक पुरं केलं. त्या षटकाला ऑनस्लॉट म्हणता येईल. त्यातल्या एकट्या तिसऱ्या षटकाराला म्हणता येणार नाही.

उच्चार ‘ऑन्स्लॉट’. जोर पहिल्या अक्षरावर. स्पेलिंग ओ-एन-एस-एल-ए-यू-जी-एच-टी. शेवटच्या ‘टी’आधीचे ‘जीएच’ मुके आहेत, जसे ‘डॉटर’ आणि ‘टॉट’मध्ये. ‘लाफ’ची सवय असल्यामुळे काही जण ‘ऑनस्लाफ्ट’ म्हणतात. मुलाखतीत तेवढं टाळा.

कोणत्या हल्ल्याला कोणता शब्द

इथे थोडं थांबायला हवं, कारण परीक्षेत गुण इथेच जातात आणि भाषांतरही इथेच फसतं. व्याख्या पाठ करण्यापेक्षा आपल्या इतिहासातले प्रसंग डोळ्यांपुढे आणा. ते तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहेत, त्यामुळे शब्द त्यांना चिकटून लक्षात राहतील.

- रेड, म्हणजे छापा. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराज रात्री लाल महालात शिरले, शाएस्तेखानाची बोटं छाटली आणि निघून गेले. थोडी माणसं, अचानक जाणं, काम उरकून परतणं. जागा ताब्यात ठेवायची नसते.
- ॲम्बुश, म्हणजे दबा धरून केलेला हल्ला. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अडचणीच्या वाटेत येईपर्यंत मावळे झाडीत थांबले होते. शत्रू चालून येतो, तुम्ही वाट पाहता.
- सीज, म्हणजे वेढा. आपल्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण अशीरगडाचं. बऱ्हाणपूरच्या रस्त्याने गेलात की पुढे तो किल्ला लागतो. अकबराच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि जानेवारी १६०१ मध्ये तो घेतला. वेढ्यात रसद तोडतात, दिवस मोजतात. तिथे ऑनस्लॉट लिहिलात तर अर्थ उलटाच होतो.
- बॅराज, म्हणजे तोफांचा किंवा बाणांचा अखंड मारा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी जे केलं ते बॅराज.
- ऑनस्लॉट. त्याच दिवशी भाऊसाहेबांच्या घोडदळाने अब्दालीच्या मधल्या फळीवर जी धडक मारली ती. आणि दुपारनंतर अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज थकलेल्या मराठ्यांवर सोडली तीही.
- ऑफेन्सिव्ह, म्हणजे आखलेली मोहीम. तिच्यात अनेक दिवसांच्या, अनेक ठिकाणच्या लढाया येतात. ऑनस्लॉट हा अशा मोहिमेतला एखादा कडाका असू शकतो.
- असॉल्ट. फौजेच्या संदर्भात तटाला भिडून केलेली चढाई. कायद्यात मात्र याचा अर्थ पार वेगळा आहे. तो पुढे पाहू, कारण त्यावर तुमची तक्रार अवलंबून असते.

पानिपताचं उदाहरण मुद्दाम घेतलं. एकाच रणावर, एकाच दिवशी बॅराज आणि ऑनस्लॉट दोन्ही दिसतात. एकात गोळे येतात, दुसऱ्यात माणसं अंगावर येतात. हा फरक धरून ठेवलात तर पर्यायी प्रश्न चुकायचं कारण नाही.

फैजपूरकरांना आणखी एक संदर्भ जवळचा वाटेल. जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि त्याच डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंच्या भाषणात युरोपातला फॅसिझम आणि स्पेन हे विषय होते. त्या काळाबद्दलचं इंग्रजी लेखन वाचायला घेतलंत तर ‘फॅसिस्ट ऑनस्लॉट’ अशी जोडी भेटेल. तिथे शब्द रणगाड्यांपुरता राहत नाही. संस्था, पक्ष, वर्तमानपत्रं यांच्यावर चहूबाजूंनी आलेला दाब त्यात येतो. राजकीय लेखनात आजही तो याच अर्थाने चालतो.

दिसायला सारखे, अर्थाने लांबचे

ऑनसेट म्हणजे सुरुवात, आगमन. ‘मान्सूनचा ऑनसेट’ ही हवामान खात्याची नेहमीची संज्ञा. केरळात त्याची सर्वसाधारण तारीख १ जून. ‘मान्सूनचा ऑनस्लॉट’ म्हणजे पावसाने झोडपून काढणं. निबंधात या दोघांची अदलाबदल फार होते. स्लॉटर म्हणजे कत्तल. ऑनस्लॉटचा शेवट त्याच्यासारखा ऐकू येतो म्हणून ऑनस्लॉटमध्ये माणसं मेलीच पाहिजेत असं नाही. टीकेच्या ऑनस्लॉटमध्ये कोणी मरत नाही.

वाक्यात बसवताना

- हा शब्द नाम आहे, क्रियापद नाही. ‘दे ऑनस्लॉटेड द फोर्ट’ चूक. ‘लाँच ॲन ऑनस्लॉट’ म्हणा. तोंड देणाऱ्यासाठी ‘फेस’, टिकाव धरला तर ‘विदस्टँड’, निभावून नेलं तर ‘सर्व्हाइव्ह’.
- ज्याच्यावर हल्ला होतो त्याच्या आधी ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’. जो हल्ला करतो त्याच्या आधी ‘ऑफ’. ‘ऑनस्लॉट ऑफ मॉस्किटोज’ म्हणजे डासांनी केलेला. इथे ‘ऑन’ लिहिलंत तर डासांवरच हल्ला झाला असा अर्थ निघतो.
- एकवचनात ‘ॲन’ लागतो. अनेकवचन चालतं, पण क्वचितच दिसतं.
- ‘व्हेरी बिग ऑनस्लॉट’ लिहू नका. मोठेपणा शब्दातच आहे. विशेषण हवंच असेल तर ‘फ्रेश’, ‘सस्टेन्ड’, ‘रिलेंटलेस’ यांतलं घ्या.

मराठीत आणताना

भाषांतराच्या प्रश्नात सरसकट ‘भीषण हल्ला’ लिहिणारे पुष्कळ. अर्थ चुकत नाही, पण वाक्य मेलेलं वाटतं. मराठीत प्रत्येक प्रकाराला घडीव शब्द आहे, तो वापरा. फौजेची चढाई, घोडदळाची धडक. प्रश्नांचा भडिमार, टीकेची झोड, जाहिरातींचा मारा. वादळाचा तडाखा, वादळी पावसाचं थैमान. फलंदाजाने केलेली गोलंदाजीची धुलाई. ‘घाला’ हा शब्द मृत्यूसाठी राखून ठेवा. काळ घाला घालतो. एप्रिल-मेमधल्या खानदेशी उन्हासाठी इंग्रजी बातमीत ‘हीट ऑनस्लॉट’ आला तर ‘उन्हाचा हल्ला’ लिहू नका. उन्हाचा कहर म्हणा.

इथवर शब्द शोभतो. आता ज्या ठिकाणी तो अडचण करतो तिकडे.

केळीची बाग पडली तर अर्जात काय लिहाल

यावल-रावेर पट्ट्यात मे-जूनच्या वादळात उभ्या बागा आडव्या होतात, हे तुम्हाला सांगायला नको. वर्षभर पोसलेली बाग, निसवलेले घड, आणि अर्ध्या तासात सगळं जमिनीवर. अशा वेळी माणूस मनातलं दुःख कागदावर उतरवतो आणि लिहितो: ‘वादळाच्या भीषण ऑनस्लॉटमुळे माझी बाग उद्ध्वस्त झाली आहे, तरी मदत मिळावी.’ त्याचं दुःख शंभर टक्के खरं आहे. पण कागद हातात घेणाऱ्याला या वाक्यातून काहीच मिळत नाही. नुकसान कशाने, किती, कधी, कुठे?

हवामान आधारित फळपीक विम्यात केळीसाठी ठरलेल्या जोखमी आहेत: कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा आणि गारपीट. तापमानाचा हिशेब हवामान केंद्राच्या नोंदींवरून होतो. वेगाचा वारा आणि गारपीट यांत मात्र नुकसान झाल्यापासून ७२ तासांत तुम्ही स्वतः कळवायचं असतं. म्हणजे तुमच्या अर्जातला कळीचा शब्द ‘वेगाचा वारा’ किंवा ‘गारपीट’ हा आहे. इंग्रजीत लिहायची वेळ आली तर ‘हाय विंड’ किंवा ‘हेलस्टॉर्म’. ऑनस्लॉट नावाची जोखीम कुठल्याही विम्यात नाही.

अर्ज असा लिहा:

> गट क्रमांक —, क्षेत्र — हेक्टर, मृगबाग, घड निसवलेले. दि. — रोजी सायंकाळी — वाजेच्या सुमारास वेगाचा वारा. एकूण — झाडांपैकी अंदाजे — खोडं मधून मोडली, — मुळासकट उपटली गेली. गारा पडल्या / पडल्या नाहीत. बागेचे फोटो जोडले आहेत.

मोडलेली आणि उपटलेली झाडं वेगळी लिहा. इंग्रजीत मोडलेल्याला ‘स्नॅप्ड’, उपटलेल्याला ‘अपरूटेड’. पीक नुसतं लोळलं असेल तर शेतीच्या इंग्रजीत ‘लॉजिंग’ म्हणतात, आणि ‘कम्प्लेंट लॉज्ड’ म्हणजे तक्रार नोंदवली. एकाच अर्जात दोन्ही आले तर वाक्य दोनदा वाचून पाहा.

काही गोष्टी आवर्जून सांभाळा:

- पडलेले घड उचलायची घाई स्वाभाविक आहे, व्यापारी दारात असतो. पण आधी फोटो काढा. फोटोवर ठिकाण आणि वेळ उमटेल असं पाहा.
- रोग आणि वादळ एका वाक्यात कोंबू नका. सीएमव्हीसारखा विषाणू बागेत आधीच असेल आणि तुम्ही ‘वादळ व व्हायरस यांचा हल्ला’ असं लिहिलंत, तर कोणतं नुकसान कशाचं हा वाद तुम्हीच उभा करता. रोग या विम्याच्या जोखमींत नाही. रोगासाठी कृषी विभागाकडे वेगळा अर्ज करा; त्यात ‘प्रादुर्भाव’ हा शब्द वापरा, ‘हल्ला’ नको.
- विमा आणि सरकारी मदत या दोन वेगळ्या वाटा आहेत. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान ही अट असते आणि तिथे महसूल व कृषी कर्मचाऱ्यांचा संयुक्त पंचनामा लागतो. विम्याला कळवलं म्हणून पंचनामा झाला असं धरून बसू नका.
- पंचनाम्यावर सही करण्याआधी गट क्रमांक, क्षेत्र आणि टक्केवारी वाचा. चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा.
- पीक विम्याची मदतवाहिनी १४४४७. फोन केलात तर तक्रार क्रमांक घ्या आणि सातबाराच्या पाठीवर लिहून ठेवा, म्हणजे सापडतो. दाद लागली नाही तर तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालच्या तालुका तक्रार निवारण समितीकडे जाता येतं.

आणि हे सगळं मराठीत लिहायचा तुम्हाला पुरा हक्क आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. फैजपूरच्या प्रांत कार्यालयात किंवा यावलच्या तहसीलमध्ये इंग्रजी अर्जाने काम लवकर होतं ही समजूत सोडा. स्पष्ट मराठी अर्ज मोघम इंग्रजी अर्जापेक्षा केव्हाही भारी.

सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याने वासरू मारलं तरी रीत हीच. मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, वनविभागाला ताबडतोब कळवा (मदतवाहिनी १९२६), आणि अर्जात जनावराचं वय, गोठ्याची जागा, जखमा कुठे आहेत एवढंच लिहा.

मारहाण झाली तर: हल्ला, हमला, दुखापत

इथे चुकीच्या शब्दाची किंमत सगळ्यात जास्त. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १३० मध्ये असॉल्टची व्याख्या आहे. कायद्याच्या मराठीत त्याला ‘हमला’ म्हणत आले आहेत. बोलीतल्या हल्ल्याशी त्याचा मेळ बसत नाही. समोरचा काठी उगारून अशा तऱ्हेने अंगावर आला की आता मार बसणार असं तुम्हाला वाटावं, तर काठी न लागताही हमला झाला. “हात कुठे लावला, मग तक्रार कसली?” असं गावात सर्रास ऐकवतात. ते बरोबर नाही. मात्र नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. त्यासोबत हावभाव किंवा तयारी लागते.

मार बसला की पुढची पायरी येते: दुखापत आणि जबर दुखापत. कलम ११६ मध्ये जबर दुखापतीचे प्रकार मोजून दिले आहेत. हाड मोडणं किंवा निखळणं त्यात आहे. दात मोडणं किंवा निखळणंही त्यातच आहे. जखमेमुळे १५ दिवस तीव्र वेदना होत राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तेही त्यात येतं.

फरक किती पडतो पाहा. साधी दुखापत, कलम ११५(२), अदखलपात्र आहे. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. जबर दुखापत, कलम ११७(२), दखलपात्र आहे आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत. धारदार किंवा घातक हत्यार असेल तर कलम ११८ लागतं, तेही दखलपात्र. म्हणजे ‘माझ्यावर भयंकर हल्ला चढवला, अमानुष मारहाण केली’ असं पानभर लिहून पुढचा दात पडल्याचं सांगायचं राहिलं, तर तुमची तक्रार खालच्या पायरीवर राहू शकते. ‘फावड्याच्या दांड्याने तोंडावर मारले, वरचा पुढचा एक दात पडला, रक्त आले’ ही एक ओळ त्या पानाहून जास्त काम करते.

सांगताना हा क्रम ठेवा: कोण होतं, किती वाजता, नेमकी कुठली जागा, हातात काय होतं, शरीरावर कुठे लागलं, मारताना काय बोलले, कोणी पाहिलं, नंतर तुम्ही कुठे गेलात. वार किती हे नक्की आठवत नसेल तर आकडा देऊ नका. ‘दहा-बारा वार’ सांगितले आणि वैद्यकीय अहवालात दोनच जखमा निघाल्या, तर उलटतपासणीत तुमचं खरं सांगणंही डळमळतं. ‘जीवघेणा हल्ला’ लिहायचा आग्रह धरू नका. कलम घटनेवरून लागतं. तुमचं काम घटना पुरी सांगण्याचं.

तुमचे हक्क:

- तुम्ही तोंडी सांगितलेलं पोलिसांनी लिहून घ्यायचं आणि तुम्हाला वाचून दाखवायचं. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. तुमच्या ‘काठी’चं कागदावर ‘हत्यार’ झालं असेल किंवा दाताचा उल्लेख गळला असेल तर तिथेच सांगा.
- घटना भुसावळ स्थानकावर घडली आणि तुम्ही फैजपूरला परतलात, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर फैजपूर पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ पुढे टिकत नाही.
- इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते. मग ३ दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.
- वैद्यकीय तपासणीसाठी पोलिसांचं पत्र मागून घ्या आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. डॉक्टरांना प्रत्येक जखम दाखवा, मुका मारही सांगा.
- दखलपात्र गुन्हा असूनही नोंद नाकारली, तर सगळा मजकूर लेखी करून टपालाने जळगावच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पोच जपून ठेवा. तिथेही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.
- एफआयआरची प्रत लगेच आणि मोफत मिळते. ती घरी नेऊन ठेवून देऊ नका. ठाण्यातच वाचा: नावं, वेळ, जखमा आणि लावलेली कलमं. हातात एफआयआर आहे की एनसीची पावती, हेही त्याच वेळी विचारून घ्या.